विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाण्यापूर्वी आणि गेल्यावर

विंडोज १० ही कार्यप्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नियमित पाठिंबा थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, पडद्यावर काही वेगळे दिसले नाही, आणि म्हणूनच घरोघरच्या अनेक संगणकांवर हा विषय ‘बघू पुढे’ म्हणून राहून गेला. पाठिंबा थांबणे याचा खरा अर्थ इतकाच की त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेतील त्रुटींवरची दुरुस्ती विंडोज १० ला आपोआप मिळत नाही. यातली अडचण थोडी आडवळणाची आहे. विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा पाया बऱ्याच अंशी एकच असल्यामुळे, विंडोज ११ मध्ये एखादे भोक बुजवले की तसेच भोक जुन्या प्रणालीत कुठे असेल याचा माग काढणे हल्लेखोरांना सोपे जाते. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या बाबतीत हे दुर्लक्ष फार काळ परवडणारे नाही.

प्रत्यक्ष अपग्रेड हे फारसे अवघड काम नाही. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या संगणकावर ते साधारण तास-दीड तासात उरकते आणि त्यातला बहुतेक वेळ आपण नुसते पाहत बसलेलो असतो. वेळ द्यावा लागतो तो आधीच्या तयारीला, आणि या लेखातही तिलाच अधिक जागा दिली आहे.

संगणक पात्र आहे का

विंडोज ११ साठी किमान १ गिगाहर्ट्झ वेगाचा, दोन किंवा अधिक कोअर असलेला ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणूक, सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीची प्रणालीच चालू देण्याची) सोय असलेले युईएफआय फर्मवेअर (संगणक सुरू करून देणारे, मदरबोर्डवरचे नव्या पद्धतीचे सॉफ्टवेअर) आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. कागदावरची ४ जीबी रॅम प्रत्यक्ष वापरात फारच तोकडी पडते. ८ जीबीपेक्षा कमी रॅम असेल आणि ती वाढवता येत असेल, तर आधी ती वाढवावी व मगच पुढे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र बहुतेक संगणक अडतात ते रॅमवर नव्हे, तर टीपीएम आणि प्रोसेसर या दोन अटींवर. ढोबळ हिशेब असा की इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे बहुतेक प्रोसेसर मान्य यादीत आहेत. आपल्याकडील नेमके मॉडेल त्या यादीत आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवून पाहावे. ते नुसता होकार किंवा नकार देऊन थांबत नाही, नकार कोणत्या अटीमुळे आला हेही दाखवते.

‘टीपीएम सापडले नाही’ असे उत्तर आले तरी लगेच निराश होण्याचे कारण नाही. कित्येक संगणकांत ही सोय प्रोसेसरमध्येच असते, परंतु बायोसमध्ये, म्हणजे या फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर तिचे नाव बहुधा ‘पीटीटी’ असे असते आणि एएमडीच्या मदरबोर्डवर ‘एफटीपीएम’. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ यांसारखी कळ दाबून बायोसमध्ये जावे, सिक्युरिटी किंवा अ‍ॅडव्हान्स्ड या विभागात ही नोंद शोधून ती ‘एनेबल’ करावी, बदल जतन करावा आणि तपासणी पुन्हा चालवावी. कळ आणि विभाग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे मदरबोर्डची किंवा लॅपटॉपची माहितीपुस्तिका जवळ असलेली बरी. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी पुढचा बिटलॉकरविषयीचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधील सोयीविषयीचा, भाग वाचून घ्यावा.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे बायोस मोड. स्टार्ट मेनूत ‘सिस्टम इन्फर्मेशन’ असे शोधून उघडल्यास उजवीकडच्या यादीत ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘युईएफआय’ किंवा ‘लेगसी’ असे लिहिलेले दिसते. तिथे ‘लेगसी’ असेल, तर डिस्कची मांडणी बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची असते आणि ती जीपीटी पद्धतीत बदलल्याशिवाय सिक्युअर बूट चालू करता येत नाही. डेटा न पुसता हा बदल करणारे ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन विंडोज १० मध्येच दिलेले आहे. ते आधी केवळ पडताळणीच्या पर्यायासह चालवावे, पडताळणी यशस्वी झाली तरच रूपांतर करावे, आणि लगोलग बायोसमध्ये जाऊन लेगसीऐवजी युईएफआय निवडावे. ही शेवटची पायरी विसरली की संगणक सुरूच होत नाही आणि डिस्क गेली असे वाटून माणूस घाबरतो. प्रत्यक्षात डिस्कला काहीच झालेले नसते, फर्मवेअर फक्त जुन्या पद्धतीने तिच्याकडे पाहत असते.

संगणकावर ३२-बिट विंडोज १० असेल, तर मात्र जागच्या जागी अपग्रेड करण्याचा मार्ग नाही, कारण विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच आहे. प्रोसेसर पात्र असल्यास कोरी मांडणी करता येते, म्हणजे आधीचे पुसून विंडोज नव्याने बसवता येते. विंडोज ७ किंवा ८.१ वरून येणाऱ्यांनाही फायली आणि प्रोग्राम जसेच्या तसे ठेवून थेट विंडोज ११ वर येता येत नाही.

प्रोसेसरच यादीत नसेल तर काय करावे? अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात आणि त्यांतल्या काही चालतातही. घरातल्या मुख्य संगणकावर मात्र मी त्या वापरणार नाही. अशा संगणकांना पुढील अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठी तर आपण हा सगळा खटाटोप करतो आहोत. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ या आवृत्तीने प्रोसेसरमध्ये ठरावीक सूचनासंच (त्याला समजणाऱ्या आज्ञांचा गट) असणे सक्तीचे केले, तेव्हा फार जुने प्रोसेसर त्या आवृत्तीवर सुरूच होईनासे झाले. यावर तात्पुरता उतारा म्हणजे घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेली विस्तारित सुरक्षा-अपडेटची योजना. तिची घोषित मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि तिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, नवे काही नाही. कायमचा उपाय हवा असेल आणि संगणकाचा वापर मुख्यतः ब्राउझर, पत्रव्यवहार व लेखन यांपुरता असेल, तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांपैकी एखादी मोफत कार्यप्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. डिस्कवर काहीही न बसवता वायफाय, ध्वनी, प्रिंटर आणि लॅपटॉपचे झाकण मिटून उघडल्यावर तो जागा होणे या चार गोष्टी त्यातच तपासता येतात.

अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

बायोस अद्ययावत करणे, सिक्युअर बूट चालू करणे, टीपीएमच्या सेटिंगला हात लावणे, यांपैकी काहीही करण्यापूर्वी डिस्क बिटलॉकरने किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन-इन केल्याबरोबर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. एन्क्रिप्शनची किल्ली टीपीएमकडे असते. फर्मवेअरमध्ये बदल झाला की टीपीएमला परिस्थिती ओळखीची वाटत नाही, ते किल्ली देत नाही, आणि निळा पडदा ४८ अंकांची रिकव्हरी की मागू लागतो.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे घडले आहे. अपग्रेडपूर्वी बायोस अद्ययावत करावे म्हणून मी उत्साहाने ते काम उरकले आणि पुढच्याच सुरुवातीला तो निळा पडदा समोर उभा राहिला. किल्ली माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, खात्याचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला होता, आणि तो ब्राउझर त्याच कुलूपबंद डिस्कवर होता. फोन हाताशी होता म्हणून पासवर्ड बदलून घेता आला. फोनवरच्या किल्लीतले सहा-सहा अंकांचे आठ गट एकेक करून टाइप करताना पाचव्या गटात एक अंक चुकला, तेव्हा कागदावर लिहून ठेवलेल्या किल्लीचे मोल नीट कळले.

म्हणून बायोसमध्ये जाण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर ‘डिव्हायसेस’ विभागात जाऊन ही किल्ली पाहावी आणि ती कागदावर उतरवून ठेवावी. पडद्यावर किल्लीबरोबर जो ओळख-क्रमांक दिसतो, त्याचे पहिले काही अंकही शेजारी लिहावेत, म्हणजे घरात दोन-तीन संगणक असतील तर कोणती किल्ली कोणाची याचा घोळ होत नाही. त्यानंतर प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर ‘सस्पेंड’ करावे, होम आवृत्तीत तो पर्याय नसल्यामुळे सेटिंग्जमधून ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करावे, आणि मगच फर्मवेअरला हात लावावा. सस्पेंड केल्याने डिस्क पुन्हा उलगडली जात नाही, संरक्षण फक्त तेवढ्यापुरते बाजूला ठेवले जाते.

बॅकअप, आणि तो उघडून पाहणे

अपग्रेडमध्ये फायली सहसा जागच्या जागी राहतात. परंतु त्याच वेळी वीज जाणे, मरणपंथाला लागलेल्या डिस्कने नेमका तोच मुहूर्त साधणे, किंवा घाईत चुकीचा पर्याय निवडला जाणे, यांतले काहीही होऊ शकते. जाणकार मंडळी तीन-दोन-एकचा नियम सांगतात: महत्त्वाच्या डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घरगुती संगणकापुरते पाहायचे तर मूळ डिस्क, एक बाह्य हार्ड डिस्क आणि क्लाउडमधील एक प्रत, एवढ्याने हा नियम पाळला जातो.

केवळ क्लाउडवर विसंबणे मात्र बरे नाही. वनड्राइव्हसारख्या सेवा फायली ‘सिंक’ करतात, त्यामुळे एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. कचरापेटीत ती काही दिवस राहते, पण तेवढेच. शिवाय तुमचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हने आपल्याकडे वळवले असण्याची शक्यता असते. फाइलच्या नावाशेजारी ढगाचे चिन्ह दिसत असेल, तर ती फाइल संगणकावर नसून केवळ तिचे नाव इथे आहे, असे समजावे. अशा फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावे, सगळ्या फायली उतरू द्याव्यात आणि मगच त्या बाह्य डिस्कवर घ्याव्यात.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे फोल्डर कोणालाही आठवतात. विसरल्या जातात त्या वेगळ्याच गोष्टी: आउटलुकच्या ईमेल साठवणाऱ्या पीएसटी फायली, थंडरबर्ड या ईमेल-प्रोग्रामचे प्रोफाइल, ब्राउझरमधील बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे डेटा फोल्डर जे थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवलेले असते, आणि हाताने बसवलेले फॉन्ट. मराठीत वर्षानुवर्षे लिहिणाऱ्यांकडे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली हमखास असतात. तो फॉन्ट हरवला तर त्या फायलीतला मजकूर रोमन अक्षरांच्या निरर्थक गिचमिडीसारखा दिसू लागतो, म्हणून फॉन्टच्या फायली आवर्जून वेगळ्या काढून ठेवाव्यात. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाना-क्रमांकही याच वेळी एका वहीत उतरवावेत, आणि ज्या सॉफ्टवेअरला एकाच संगणकावर चालण्याची अट आहे ते, कोरी मांडणी करणार असाल तर, आधी ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ करावे.

बॅकअप झाला की बाह्य डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून काढावी, दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि त्यातल्या पाच-सहा फायली खरोखर उघडून पाहाव्यात: एखादे जुने छायाचित्र, एखादी मोठी चित्रफीत, एखादी हिशेबाची फाइल. नावे दिसतात म्हणजे फायली सुखरूप आहेत असे नसते, आणि हे कळायची वेळ अपग्रेडच्या आधीची असावी. त्यानंतर ती डिस्क संगणकापासून दूर, कपाटात ठेवून द्यावी.

मार्ग निवडणे

पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग विंडोज अपडेटचा. संगणक पात्र असेल तर सेटिंग्जमधील ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ या विभागात विंडोज ११ उतरवून घेण्याचा पर्याय दिसतो. तो दिसत नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ वापरावा. काम तेच करतो. त्यासाठी विंडोज १० ची २००४ किंवा त्यानंतरची आवृत्ती संगणकावर असावी लागते, म्हणून आधीची सर्व अपडेट पूर्ण करून घ्यावीत.

दुसरा मार्ग ‘मीडिया क्रिएशन टूल’ने पेनड्राइव्ह तयार करण्याचा. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचे सर्व काही पुसले जाते. हा पेनड्राइव्ह दोन प्रकारे वापरता येतो, आणि त्या दोहोंतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. विंडोज १० चालू असताना पेनड्राइव्हवरील सेटअप उघडले, तर फायली आणि प्रोग्राम ठेवून अपग्रेड करता येते. तोच पेनड्राइव्ह लावून संगणक त्यावरूनच सुरू केला, तर मात्र कोरी मांडणी होते, आणि तिच्यात तुमचे प्रोग्राम राहत नाहीत.

अनेक वर्षांचा पसारा साचलेला आणि रखडत चालणारा संगणक असेल, तर माझा कल कोऱ्या मांडणीकडे असतो; संगणक सुरळीत चालत असेल तर साध्या अपग्रेडकडे. कोरी मांडणी करताना एक पडदा डिस्कच्या विभागांची यादी दाखवतो. तिथे ‘ड्राइव्ह ०’ आणि ‘ड्राइव्ह १’ अशी कोरडी नावे असतात, सी आणि डी नव्हे. संगणकात दोन डिस्क असतील तर दुसरी डिस्क त्या वेळेपुरती काढून ठेवणे सर्वांत सुरक्षित, आणि ते शक्य नसेल तर प्रत्येक डिस्कची क्षमता आधीच लिहून ठेवावी व आकड्यावरून ओळख पटवावी. प्रॉडक्ट की विचारली गेल्यास, पूर्वी अधिकृतपणे सक्रिय झालेल्या संगणकावर ‘माझ्याकडे की नाही’ असा पर्याय निवडून पुढे जाता येते, कारण परवाना त्या संगणकाच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो. आवृत्ती मात्र पूर्वीचीच निवडावी: होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. होम आवृत्तीच्या मांडणीला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते, तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवत असल्याची खात्री करून घ्यावी.

प्रत्यक्ष अपग्रेड

सुरुवात करण्यापूर्वी प्रिंटर, स्कॅनर, बाह्य डिस्क, मेमरी कार्ड हे सर्व काढून ठेवावे. कीबोर्ड, माउस आणि पडदा पुरेसे आहेत. वेगळा अँटिव्हायरस असेल तर तो तात्पुरता अनइन्स्टॉल करावा, कारण नुसता बंद केलेला अँटिव्हायरसही कधी कधी आडवा येतो. सी ड्राइव्हवर ३० जीबीच्या आसपास जागा मोकळी असावी. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि त्याची ‘स्लीप’ची वेळ वाढवून ठेवावी.

त्यानंतरचे काम पाहत बसण्याचे. संगणक अनेकदा आपणहून बंद होऊन सुरू होतो, आणि टक्केवारी एखाद्या आकड्यावर वीस-वीस मिनिटे खिळून राहते. जुन्या हार्ड डिस्कवर तर हा मुक्काम तासभराचाही असू शकतो. या काळात पॉवरचे बटण दाबून ‘ढकलून’ देण्याचा मोह टाळावा. डिस्कचा दिवा अधूनमधून लुकलुकत असेल, तर काम चालू आहे असेच समजावे.

अपग्रेड अर्धवट थांबून संगणक विंडोज १० वर परतला, तर पडद्यावर एक त्रुटी-क्रमांक दिसतो. तो लगेच लिहून घ्यावा. ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा क्रमांक बहुधा ड्रायव्हरचा (एखादा भाग किंवा यंत्र विंडोजला जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) दोष दाखवतो, म्हणून ग्राफिक्स, वायफाय आणि साठवणुकीचे ड्रायव्हर अद्ययावत करून पुन्हा प्रयत्न करावा. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्राम नव्या प्रणालीशी जुळत नाही. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा अपुरी आहे. तोच क्रमांक पुन्हा पुन्हा येत असेल, तर मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे साधन अपग्रेडच्या नोंदी वाचून नेमके कुठे अडले ते सांगते.

पहिले दहा दिवस

नवा डेस्कटॉप दिसला की प्रथम विंडोज अपडेट पुन्हा चालवावे आणि ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हर आहेत का तेही पाहावे. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून एखाद्या ओळीवर पिवळा त्रिकोण नाही ना, याची खात्री करावी. बिटलॉकर सस्पेंड केले असेल तर ते पूर्ववत करावे. कोरी मांडणी केली असल्यास एन्क्रिप्शनची किल्ली नवी असते आणि कागदावरची जुनी निरुपयोगी ठरते, हे लक्षात ठेवून नवी उतरवून घ्यावी. टास्कबारवरील चिन्हे मध्यभागी गेलेली आवडत नसतील तर टास्कबार सेटिंग्जमधून ती डावीकडे नेता येतात, आणि राइट-क्लिकचा जुना, लांबलचक मेनू ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली असतो.

साध्या अपग्रेडनंतर जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये १० दिवस राखलेली असते, आणि तोवर सेटिंग्जमधील ‘सिस्टम’, मग ‘रिकव्हरी’, मग ‘गो बॅक’ या वाटेने विंडोज १० वर परतता येते. जागा वाचवण्यासाठी डिस्क साफ करताना हाच फोल्डर पहिल्या दिवशी पुसला जाण्याचा प्रकार फार घडतो; तो पुसला की परतीची वाट बंद. परत गेल्यास अपग्रेडनंतर बसवलेले प्रोग्राम निघून जातात, तेव्हा या दिवसांत नवे काही बसवण्यापेक्षा जुने सर्व तपासावे: प्रिंटरवर एक पान छापावे, स्कॅनरवर एक कागद घ्यावा, हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडून एक नोंद करावी, व्हिडिओ कॉल करून कॅमेरा आणि माइक पाहावेत, आणि ज्या कामासाठी संगणक वर्षातून एकदाच लागतो, उदाहरणार्थ डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, तेही लावून बघावे. दहाव्या दिवसाच्या आत एखादे अत्यावश्यक यंत्र किंवा सॉफ्टवेअर चालत नसल्याचे दिसले आणि उत्पादकाकडे नवा ड्रायव्हर नसेल, तर संकोच न करता परत जावे. सर्व काही चालत असेल तर विंडोज ११ वरून बाह्य डिस्कवर नवा बॅकअप घ्यावा, मात्र तो वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावा आणि कपाटातला जुना बॅकअप आणखी दोन-तीन महिने तसाच ठेवावा.